दुर्बिणीची पहिली रात्र

दुर्बिणीतून दूरच्या वस्तू मोठ्या दिसतात, हे सर्वांस ठाऊक असते. म्हणूनच नवी दुर्बीण घरात आली की ती किती पट मोठे दाखविते, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. दुकानातल्या खोक्यावरही तोच आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. परंतु आकाशाच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम होय. दुर्बिणीचे मुख्य कार्य प्रकाश गोळा करणे हे आहे.

अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते. तरी तिचा व्यास फार तर ७ मिलिमीटर होतो. दुर्बिणीच्या पुढच्या टोकास जे मोठे भिंग असते, त्यास वस्तुभिंग म्हणतात. त्याचा व्यास ७० मिलिमीटर असेल, तर तो बाहुलीच्या दहापट झाला. क्षेत्रफळ मात्र शंभरपट झाले. म्हणजे अशी दुर्बीण डोळ्यापेक्षा शंभरपट प्रकाश आत घेते. कृत्तिकांच्या पुंजक्यात नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारका दिसतात. तेथेच या दुर्बिणीतून अनेक डझन तारका चमकू लागतात. त्या काही मोठ्या झालेल्या नसतात. घरच्या दुर्बिणीतून तारा कितीही न्याहाळला, तरी तो बिंदूच राहतो. जो प्रकाश डोळ्यास पुरत नव्हता, तो आता पुरू लागतो, एवढेच.

मोठे करून दाखविण्याचे काम डोळ्याजवळच्या लहान भिंगाचे. त्यास नेत्रिका म्हणतात. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते. ७०० मिलिमीटरांस २५ ने भागावे, २८ पट. १० ने भागावे, ७० पट. हा हिशेब पाहून अगदी लहान नेत्रिका लावण्याचा मोह कोणासही होईल. परंतु वर्धन वाढले की तोच प्रकाश अधिक जागेवर पसरतो आणि चित्र अंधुक होते. हवेची थरथर आणि तिपाईला लागलेला धक्का, हेही तितकेच पट वाढतात. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळे ७० पट वर्धनाला तारा दोन-तीन मिनिटांत दृष्टीआड होतो. वस्तुभिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेण्यात काही अर्थ नाही. प्रारंभी तर नेहमी कमी वर्धनाचीच नेत्रिका लावावी.

नळीच्या पाठीवर एक लहान शोधक दुर्बीण बसविलेली असते. दोन्हींचा रोख एकच असावा लागतो, आणि ते काम दिवसाच उरकावे. लांबच्या देवळाचा कळस अथवा पाण्याची टाकी मोठ्या दुर्बिणीच्या मध्यभागी आणावी; मग शोधक दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तीच वस्तू तिच्याही मध्यभागी आणावी. चित्र उलटे दिसल्यास घाबरू नये. आकाशात वर-खाली असे काही नसते.

दिवसाच्या या कामात एक गोष्ट कटाक्षाने पाळली पाहिजे. सूर्याकडे दुर्बीण कदापि वळवू नये. हातातल्या साध्या भिंगाने कागद जळतो, हे तुम्ही पाहिलेच असेल; मग एवढ्या मोठ्या भिंगाने डोळ्याचे काय होईल! नेत्रपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे डोळा निकामी होत असताना मनुष्यास त्याची जाणीवही होत नाही. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर, सूर्य पाहण्यासाठी म्हणून, नेत्रिकेवर बसवावयाचे एक काळे भिंग मिळते. ते उन्हाच्या तापाने अवचित तडकते. असे भिंग घरात ठेवूच नये.

दुर्बीण कोठे मांडावी? अंगण असेल तर अंगणातच. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडीत असते, आणि तेथून वर जाणाऱ्या हवेमुळे चित्र उकळत्या पाण्यातील खड्यासारखे हलते. गच्चीवाचून गत्यंतर नसेल, तर रात्र थोडी चढू द्यावी. अंधारास डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाईलच्या एका झगमगाटाने ती सारी कमाई वाया जाते. म्हणून विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधावा.

पहिले दर्शन चंद्राचे घ्यावे. कोजागिरीचा चंद्र दुधात पाहण्यास उत्तम. दुर्बिणीस तो निरुपयोगी, कारण पौर्णिमेस चंद्रावर सरळ प्रकाश पडतो आणि सावल्या दिसत नाहीत. शुद्ध सप्तमी-अष्टमीस उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर दुर्बीण लावावी. त्या रेषेवर तेथे सूर्योदय होत असतो. विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळोखात बुडालेले दिसतात. अंधाराच्या बाजूस एखादा प्रकाशाचा ठिपका सुटाच चमकतो. ते पर्वताचे शिखर असते. तासा-दोन तासांनी पुन्हा पाहावे. प्रकाश शिखरावरून खाली उतरलेला असतो.

चंद्र कोणास निराश करीत नाही. इतर वस्तू मात्र पहिल्या रात्री पुष्कळांना निराश करतात. पुस्तकांतील रंगीत छायाचित्रे कॅमेऱ्याने दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळ्यास तसे साठविता येत नाही. मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस जो तेजोमेघ आहे, तो करड्या धुराच्या फुंकरीसारखा दिसतो. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर, जेथे नवे तारे जन्मत आहेत, ते हे स्थळ! त्याच्याकडे रोखून पाहू नये. नजर किंचित बाजूस ठेवावी. डोळ्याच्या कडेचा भाग मंद प्रकाश अधिक चांगला टिपतो, आणि धुराचे पंख हळूहळू पसरू लागतात.

पाहावयासही शिकावे लागते, याची साक्ष गॅलिलिओच देतो. १६१० साली त्याने शनीकडे दुर्बीण वळविली, तेव्हा त्यास एका मोठ्या गोलाच्या दोहो बाजूंस दोन लहान गोल दिसले. १६१२ साली पाहतो, तर ते दोन्ही नाहीसे! तो चकित झाला. ती शनीची कडी होती, आणि पृथ्वीवरून ती काठाच्या बाजूने दिसू लागल्यामुळे अदृश्य झाली होती. हे कोडे हायगेन्सने उलगडले आणि १६५९ साली प्रसिद्ध केले. तोवर गॅलिलिओ निवर्तला होता. २०२५ साली कडी पुन्हा तशीच काठावर आली होती. त्यानंतर ती वर्षावर्षाने रुंदावत जातात. आज साध्या दुर्बिणीतूनही ३०-४० पट वर्धनास ती स्पष्ट ओळखू येतात.

गुरूच्या बाबतीत मात्र गॅलिलिओ रोजच्या रोज चित्र काढीत गेला. १६१० च्या जानेवारीच्या ७ तारखेस त्याने गुरूजवळ तीन चिमुकले तारे टिपले, दोन पूर्वेस आणि एक पश्चिमेस. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेस! १३ तारखेस चौथा दिसला. हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे उपग्रह आहेत, हे त्या चित्रांवरूनच उमगले. तुम्हीही एक वही करावी. मध्ये वर्तुळ, दोहो बाजूंस ठिपके, आणि खाली तिथी, तारीख व वेळ. याहून अधिक काही नको. चारांपैकी सर्वांत आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो. सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोस जवळजवळ १७ दिवस लागतात. एखाद्या रात्री चारांऐवजी तीनच ठिपके भरतील. चौथा गुरूच्या पुढे अथवा मागे गेलेला असेल. तो कोणत्या बाजूने बाहेर येतो, ते दुसऱ्या रात्री पाहून वहीत मांडावे.