विक्रियापात्र आणि पटल : एक तुलना

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मांजरसुंब्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. त्यांनी तोडलेल्या उसापासून साखर होते व मळी उरते. मळी आंबवून अल्कोहॉल मिळते आणि अल्कोहॉलपासून एथिल ॲसिटेट हा द्रावक तयार करता येतो. शाई, रंगलेप व औषधे यांच्या निर्मितीस तो लागतो. साकरवाडी व महाड येथे त्याचे उत्पादन होते. तो तयार करण्याच्या दोन रीतींची तुलना येथे करावयाची आहे.

ॲसिटिक अम्ल व अल्कोहॉल यांच्या विक्रियेने एथिल ॲसिटेटबरोबर पाणीही निर्माण होते. सल्फ्यूरिक अम्लासारखा उत्प्रेरक विक्रियेस वेग देतो. परंतु पाणी साचू लागले की उलट विक्रियाही वाढते आणि अखेर दोहोंचा समतोल होतो. फ्रान्समध्ये बेर्तलो व पेआं द सें-जिल यांनी १८६२-६३ मध्ये अशाच विक्रियांचा अभ्यास केला. ६० ग्रॅम अम्ल व ४६ ग्रॅम अल्कोहॉल घेतल्यास त्यांचा सुमारे दोन-तृतीयांश भागच उपयोगी पडतो. सुमारे २० ग्रॅम अम्ल व १५ ग्रॅम अल्कोहॉल तसेच उरते. उत्प्रेरकामुळे समतोल लवकर येतो, पुढे सरकत नाही.

रूढ रीतीत यावर उपाय दोन : अल्कोहॉल अधिक घालणे आणि ऊर्ध्वपातन करणे. मात्र एथिल ॲसिटेट, अल्कोहॉल व पाणी ही मिसळूनच बाष्परूपाने वर येतात. ती पुनःपुन्हा वेगळी करावी लागतात व त्यात बरेच इंधन खर्ची पडते.

दुसऱ्या रीतीत पात्राला जलस्नेही पटल जोडतात. पटलापलीकडे निर्वात ठेवला असता मुख्यतः पाणीच बाष्परूपाने त्यातून निघून जाते. ‘पटल’ म्हणताच डोळ्यांपुढे आड येणारा पडदा उभा राहतो. येथे मात्र त्याचे काम अडविण्याइतकेच वाट देण्याचेही आहे. पाणी गेल्याने समतोल साधतच नाही व विक्रिया पुढे चालू राहते. समतोलाचा नियम पटल मोडीत नाही. तो गाठण्याची वेळ येऊ देत नाही.

या रीतीसही मर्यादा आहेत. तीव्र अम्ल व उष्णता यांनी पुष्कळ पटले खराब होतात; ती महाग असतात; थोडे अल्कोहॉलही त्यांतून निसटते. शिवाय पाणी ज्या वेगाने निर्माण होते त्याच वेगाने ते बाहेर गेले पाहिजे. विक्रियाच मंद असेल तर पटल व्यर्थ. तेथे चांगला उत्प्रेरकच शोधावा. अडचण समतोलाची असेल आणि वाचलेल्या इंधनाचे मूल्य पटलाच्या खर्चाहून अधिक भरत असेल, तेथेच नवी रीत श्रेयस्कर ठरते.