सेवाकार्यावरील शोधनिबंध : तयारी आणि सादरीकरण

विहारांतून चालणारे अभ्यासवर्ग, वाचनालये, वसतिगृहे व आरोग्य शिबिरे यांचा इतिहास बहुधा कार्यकर्त्यांच्या स्मरणात असतो, कागदावर नसतो. कार्यकर्ता गेला की तो इतिहासही जातो. पुढे एखादा बाहेरचा अभ्यासक त्या वस्तीविषयी लिहितो, तेव्हा तेथे केवळ दारिद्र्यच होते असे चित्र उरते. म्हणून सेवाकार्यावर शास्त्रशुद्ध लेखन होणे अगत्याचे आहे.

प्रथम अहवाल व शोधनिबंध यांतील भेद ध्यानी घ्यावा. काय केले हे अहवाल सांगतो. शोधनिबंध एका निश्चित प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी शोधतो. 'अभ्यासवर्गास किती मुली आल्या' ही अहवालाची नोंद होय. 'त्यांचे शाळा सोडण्याचे प्रमाण घटले काय, आणि त्याचे कारण अभ्यासवर्गच काय' हा संशोधनाचा प्रश्न होय.

या मांडणीचा उत्तम नमुना विनयपिटकात आहे. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात अतिसाराने पीडित भिक्खूची कथा येते. तथागत त्याची अवस्था पाहतात. त्याची शुश्रूषा कोणी का करीत नाही, हे विचारतात. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, हे कारण पुढे येते. तथागत आनंदासह त्याला स्वहस्ते स्नान घालतात व नंतर संघासाठी नियम करतात. शुश्रूषा करणाऱ्याचे व रुग्णाचेही गुणदोष तेथे मोजून सांगितले आहेत. समस्या, कारण, कृती व निष्कर्ष हाच क्रम निबंधातही असावा. रुग्णाच्या बाजूने येणारी अडचण तेथे झाकलेली नाही. आपणही कार्यक्रमाचे अपयश झाकू नये.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आदर्शही समोर आहे. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले. त्याच सभेच्या वतीने त्यांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीचे निवेदन ठेवले, ते आकडेवारीच्या आधारावर. सेवा करणारी संस्था पुरावाही मांडू शकते, हे यातून सिद्ध होते.

साधनसामग्री जमविताना हजेरीपट, जमाखर्च वह्या व मुलाखती यांची तारीखवार नोंद ठेवावी. मुलाखतीपूर्वी हेतू सांगून संमती घ्यावी. बालकांच्या बाबतीत पालकांचीही घ्यावी. मदत घेणाऱ्याचे नाव छापू नये. लहान गावात नाव वगळले तरी व्यवसाय वा नातेसंबंध यांवरून माणूस ओळखू येतो, तेही तपशील बदलावेत व तसे नमूद करावे. लेखक स्वतः त्या संस्थेचा कार्यकर्ता असल्यास ते स्पष्ट लिहावे. पालि वचन घेताना कोणत्या संस्करणातून घेतले, हे पृष्ठांकासह द्यावे.

निबंध पाठविण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक वाचून शब्दमर्यादा, संदर्भपद्धती व विषयकक्षा पाहावी. सारांशात प्रश्न, पद्धती व निष्कर्ष तिन्ही यावेत. मजकूर युनिकोडमध्ये असावा. परीक्षकांना लेखकाचे नाव कळू नये अशी पद्धत असल्यास नाव स्वतंत्र पृष्ठावर द्यावे. एक निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावा. परीक्षकांच्या प्रत्येक आक्षेपास मुद्देसूद उत्तर द्यावे; सूचना अमान्य असल्यास कारण सांगावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची 'केअर' यादी 2025 साली बंद केली. त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी लेखकावर अधिकच आली आहे. परीक्षणाशिवाय, केवळ शुल्क घेऊन दोन दिवसांत छापण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे.

निबंध छापून आल्यावर त्याची एक प्रत विहाराच्या वाचनालयात ठेवावी आणि वस्तीत तो वाचून दाखवावा. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते तपासता आले पाहिजे. ऐकीव गोष्ट परीक्षेवाचून स्वीकारू नये, हा कालामांना केलेला उपदेश आपल्या लेखनालाही लागू आहे.