तरुण वृक्करोगी घरीच डायलिसिस सुरू करतो तेव्हा

गेल्या काही वर्षांत ग्रामीण भागातील वैद्याच्या दारी एक नवा रुग्ण येऊ लागला आहे. वय वीस ते तीस, चेहऱ्यावर सूज, त्वचा निस्तेज आणि हातात तपासण्यांची जाड फाइल. सोबतचे वडीलधारे एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, डायलिसिस टळेल का?" या प्रश्नाला आपण कोणते उत्तर देतो यावर त्या तरुणाची पुढील अनेक वर्षे अवलंबून असतात. त्यातही घरी करावयाच्या डायलिसिसविषयी, म्हणजे पोटाच्या डायलिसिसविषयी, आपल्या वर्तुळात फार थोडे बोलले जाते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शास्त्राविषयी थोडे. वृक्क हे चरकाचार्यांनी वपावहनासह मेदोवह स्रोतसाचे मूळ सांगितले आहे. आज ज्याला आपण दीर्घकालीन वृक्करोग म्हणतो तो संहितेतील कोणत्याही एका व्याधीशी तंतोतंत जुळत नाही. त्याची लक्षणे शोथ, पांडु, मूत्राघात, छर्दी अशा अनेक अध्यायांत विखुरलेली सापडतात. दकोदरात व्रीहिमुख शस्त्राने वेध करून, नाडी बसवून उदरातील जल काढण्याचा विधी सुश्रुताचार्य देतात, आणि सर्व जल एकाच दिवशी काढू नये असा इशाराही देतात. यावरून "डायलिसिस आमच्याकडे होतेच" असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. आमच्या मते तो टाळावा. दकोदरात साचलेले जल बाहेर काढले जाते. येथे द्रव मुद्दाम आत सोडला जातो. दोन्हींचे प्रयोजन भिन्न आहे. त्या विधीतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आचार्यांची सावधगिरी.

या उपचाराची कार्यपद्धती वैद्याला नीट ठाऊक असावी. उदराच्या आतील आवरण, म्हणजे उदरावरण, हीच येथे गाळणी असते. नाभीच्या खाली एक मऊ नळी शस्त्रक्रियेने बसवितात. अमेरिकेतील टेन्खॉफ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नळीचाच नमुना आजही मुख्यत्वे वापरात आहे. या नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडतात व चार ते सहा तास तेथेच ठेवतात. त्यातील द्राक्षशर्करा शरीरातील जादा पाणी ओढून घेते. युरिया, क्रिएटिनीन आदी मलद्रव्येही त्यात उतरतात. मग तो द्रव काढून टाकून नवा भरावयाचा. अशी अदलाबदल दिवसातून तीन-चार वेळा होते व प्रत्येक वेळी अर्धा तास लागतो. १९७६ मध्ये पोपोविच आणि मोनक्रीफ यांनी ही कल्पना मांडली. हाँगकाँगने १९८५ पासून, शक्य तेथे प्रथम पोटाचेच डायलिसिस, असे धोरण ठेवले आहे. आपल्याकडे राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये रक्ताच्या डायलिसिसपासून सुरू झाला आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. तथापि ही सोय सर्वत्र सारखी पोहोचलेली नाही. रुग्णाला जिल्हा रुग्णालयात चौकशी करावयास सांगणे हे आपलेच काम समजावे.

आता मूळ प्रश्न: सुरुवात केव्हा करावी? ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ८२८ रुग्णांवरील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्कांची कार्यक्षमता थोडी अधिक असतानाच डायलिसिस सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असे त्यात दिसले. हे वाचून "म्हणजे थांबता येते" असे कोणी म्हणेल. परंतु त्याच अभ्यासात ज्यांना थांबविण्याचे ठरले होते, त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना लक्षणांमुळे ठरल्याआधीच डायलिसिस सुरू करावे लागले. तात्पर्य, वृक्कतज्ज्ञाच्या देखरेखीखाली थांबणे वेगळे आणि तपासणी सोडून चूर्णाच्या भरवशावर थांबणे वेगळे. मळमळ, उचकी, सर्वांगाला खाज, तोंडाला धातूची चव, रात्री श्वास लागणे ही लक्षणे दिसू लागली, वा रक्तातील पोटॅशियम चढू लागले, की आपण रुग्णाला एक दिवसही अडवून ठेवू नये. उशिरा गेलेल्या रुग्णाच्या मानेत तातडीने नळी घालून रक्ताचे डायलिसिस करावे लागते आणि घरचा पर्याय निवडण्याची संधी बहुधा तेथेच हुकते. पोटातील नळी बसविल्यावर जखम भरण्यास साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, शिवाय प्रशिक्षण असते. एवढा अवधी हातात असला पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातील तेवीस वर्षांच्या मुलीचे उदाहरण येथे देतो. बालपणी वारंवार ताप व मूत्रदाह होत असे. प्रत्येक वेळी तात्पुरते औषध झाले, सोनोग्राफी कधी झाली नाही. बी.कॉम.च्या अखेरच्या वर्षात सूज आणि वांत्या सुरू झाल्या, तेव्हा दोन्ही वृक्क आक्रसलेले आढळले. तज्ज्ञांनी पोटाचे डायलिसिस सुचविले. रक्ताच्या डायलिसिसचे केंद्र सत्तर किलोमीटरवर. आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्रावर आणि जाण्यायेण्यात उरलेला दिवस, म्हणजे शिक्षण संपलेच. तिचे वडील आमच्याकडे आले ते नळी नको म्हणूनच. "पोरीच्या पोटाला भोक पाडून लग्न कसं जमायचं, डॉक्टर?" हे त्यांचे शब्द. आम्ही त्यांना म्हटले, "तात्या, नळी कपड्याआड राहते. ती नाही बसवली तर पोरगी आठवड्यातून तीन दिवस गावाबाहेर, आणि बाकीचे दिवस अंथरुणावर." मुलगी गप्प बसली होती. तिला विचारले तेव्हा म्हणाली, "सर, परीक्षेला बसता येईल का, एवढंच सांगा." तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून आम्ही होकार दिला.

घर दोन खोल्यांचे. दिवसाला चार पिशव्या म्हणजे महिन्याला एकशे वीस. प्रत्येकी दोन लिटर द्रव धरला तरी अडीचशे किलोच्या आसपास माल. तो उन्हात वा ओलीत ठेवता येत नाही. ज्वारीची पोती गोठ्याकडे हलवून भिंतीलगत फळ्यांवर खोकी रचली. पिशवी बदलताना दार-खिडकी लावून पंखा बंद करावयाचा, तोंडाला मास्क, हात साबणाने नीट धुऊन कोरडे. पिशवी कोमट करण्यासाठी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडविण्याची कल्पना घरोघरी सुचते. ती घातक आहे, कारण जोडणीच्या टोकाशी ओल राहून जंतू आत जातात. ऊब कोरडीच हवी. या पद्धतीला वीज लागत नाही हा गावाकडे केवढा लाभ! भारनियमन असो वा नसो, द्रव उंचीवरून उतरतो आणि खाली ठेवलेल्या पिशवीत निघून येतो.

प्रशिक्षण आईने घेतले होते. आईच सर्व करणार असे घरच्यांनी गृहीत धरले. आमच्या अनुभवात तरुण रुग्णाच्या बाबतीत खरी अडचण येथेच असते. जे दुसऱ्याच्या हातून होते ते तरुणाला शिक्षेसारखे वाटते आणि संधी मिळताच तो एखादी पिशवी चुकवितो. आम्ही मुलीला स्वतः शिकण्याचा आग्रह केला. दुपारची पिशवी महाविद्यालयाच्या वेळेत येत होती. केंद्राला विचारून वेळा बदलून घेतल्या. वजन, रक्तदाब आणि बाहेर आलेल्या द्रवाचे माप यांची वही तीच लिहिते. परीक्षा तिने दिली. लग्नाचा प्रश्न तसाच आहे. स्थळाला काही न लपविणे एवढाच सल्ला आम्ही दिला. प्रत्यारोपणासाठी आईची तपासणी सुरू आहे.

आता औषधांविषयी, कारण येथे वैद्याच्या हातून हित आणि अहित दोन्ही घडू शकते. मूत्र कमी म्हणून श्वेतपर्पटी देण्याचा प्रघात आहे. तिचा मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियमचाच क्षार. जोडीला स्फटिका, म्हणजे अॅल्युमिनियम, जे निकामी वृक्कांतून बाहेर पडत नाही. यवक्षारातही पोटॅशियमच. पुनर्नवा, गोक्षुर ही आपली आवडती द्रव्ये सौम्य मानली जातात. तरी या अवस्थेत तीही तज्ज्ञांना कळविल्याविना आणि रक्ततपासणीविना देऊ नयेत. ज्याचे दिवसाला दोन-तीनशे मिलिलिटर मूत्र टिकून आहे, त्याचे ते मूत्र सोन्यासारखे जपावे. तीव्र विरेचनाने शरीरातील पाणी घटले की तेही जाते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्यापैकी पुष्कळजण खेड्यात आधुनिक औषधेही वापरतात. कंबरदुखीला डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन, तापाला जेंटामायसीन वा अॅमिकासीन हे या रुग्णाच्या उरलेल्या वृक्कशक्तीचे शत्रू आहेत. अशक्तपणा म्हणून हाताच्या शिरेतून सलाइन लावणे दुहेरी हानिकारक; पाणी वाढते आणि शीर बिघडते. उद्या रक्ताच्या डायलिसिसची वेळ आली तर त्याच शिरेवर फिस्टुला करावयाचा असतो. रक्त घ्यावयाचे झाल्यास हाताच्या पाठीवरून घ्यावे.

मलबद्धता मात्र आपण सोडवू शकतो आणि ती सोडवलीच पाहिजे. भरलेल्या आतड्याने नळी जागची हलते, द्रव नीट निघत नाही. स्वर्णपत्री येथे उपयोगी पडते. तज्ज्ञही तीच देतात, त्यामुळे मात्रा त्यांच्या विचारानेच ठरवावी. बस्ती, उदराभ्यंग, अवगाह स्वेद हे या रुग्णात वर्ज्य समजावेत. नळीच्या मुखाशी तेल, हळद, भस्म काहीही लावू नये. जाता जाता एक नोंद: नळी अडण्याचे एक कारण म्हणजे वपा तिच्याभोवती गुंडाळली जाणे. वपावहन या शब्दाचा अर्थ अनेक विद्वान हीच वपा असा लावतात. वृक्काशी तिचे नाव जोडलेले पाहून कुतूहल वाटते, इतकेच.

पथ्याच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा प्रथिनांचा होतो. डायलिसिसपूर्वी प्रथिने मर्यादित ठेवतात, त्यामुळे "डाळ बंद" हे वाक्य घरात रुजलेले असते. पोटाचे डायलिसिस सुरू होताच हिशेब उलटतो, कारण द्रवावाटे रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिने वाहून जातात. म्हणून शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या मुलीला पन्नास-साठ ग्रॅम. मुगाचे वरण, अंड्याचा पांढरा भाग, मासे खाणाऱ्यास मासे, हे आता औषध आहे. पोट भरलेले वाटून भूक मंदावते. त्यास केवळ अग्निमांद्य समजून दीपन देण्याआधी द्रव काढल्यानंतर थोडे थोडे जेवावयास सांगून पाहावे. द्रवातील शर्करा शरीरात शोषली जाते, म्हणून गूळ, साखर, अवलेह यांना आवर हवा. एकादशीला साबुदाण्यावर दिवस काढणे नको. "सैंधव चालते ना?" असे सर्वजण विचारतात. सैंधवही सोडियमच, आणि बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ बहुधा पोटॅशियमचे असते, ते त्याहून वाईट. पोटॅशियमविषयी सरसकट भीतीही नको. पोटाच्या डायलिसिसमध्ये ते काहींच्या रक्तात कमीही पडते. केळे द्यावे की नाही हे अहवाल पाहून ठरते. वारीत चंद्रभागेत बुडी मारणे, विहिरीत पोहणे बंद.

एक खूण मात्र प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावी. बाहेर आलेल्या पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवले तर अक्षरे वाचता आली पाहिजेत. द्रव गढूळ असेल, सोबत पोटात दुखत असेल वा ताप असेल, तर तो उदरावरणाचा संसर्ग समजावा. तेथे हिंग्वष्टक नाही, शंखवटी नाही. पिशवी सोबत देऊन त्याच दिवशी केंद्रात पाठवावे. प्रतिजैविके बहुधा द्रवातूनच दिली जातात आणि वेळेत दिली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

औषधालयाच्या मालक बंधूंना दोन शब्द. ब्रुसेल्समधील वजन घटविण्याच्या एका उपचारात अॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले, हे १९९३ मध्ये उघड झाले. आपल्याकडील ईश्वरी व कीडामारी त्याच कुळातील आहेत. कच्चा माल घेताना ओळख पक्की करावी. पारद, नाग यांचे कल्प वृक्करुग्णाला चिठ्ठीविना विकू नयेत. "डायलिसिसपासून मुक्ती" अशा पाट्या दुकानांवर दिसतात. १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय अधिनियमाच्या परिशिष्टात ब्राइट्स डिसीज या नावाने वृक्कदाह समाविष्ट आहे. अशा रोगाची जाहिरात हा गुन्हा ठरतो. गल्ल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाने वृक्करोगाचे नाव काढले तर नवी बाटली पुढे करण्याआधी त्याला दोन गोष्टी विचाराव्यात: शेवटचा रक्ततपासणी अहवाल कोणत्या तारखेचा आहे आणि वृक्कतज्ज्ञाने पुन्हा केव्हा बोलावले आहे.