इंग्रजी नेमकी कोणाची मायबोली?

(बोली आणि भाषा : लेखांक ६)

गणपतीपुळ्याला दर्शन झाले की बरेच जण शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहायला जातात. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, पेशाने शिक्षक. इंग्रजी कविता त्यांनी जीव लावून वाचली आणि तिच्यातला सॉनेट मराठीत रुजवला. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ मराठीला दिला. केशवसुतांना इंग्रजी चांगली येत होती, तरी ती त्यांची मायबोली नव्हती. भाषा येणे वेगळे आणि ती मायबोली असणे वेगळे.

आपल्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या साधी आहे. लहानपणी आई ज्या भाषेत आपल्याशी बोलली, ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर त्या काळी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. शाळेचे माध्यम, परीक्षेतले गुण, उच्चारांची ढब, यांतले काहीही विचारात घेत नाहीत. २०११ साली देशात सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी मातृभाषा म्हणून इंग्रजी सांगितली. त्यांतले लाखाहून अधिक महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त.

आईकडून मुलाला मिळते तरी काय? ‘चार आंबे’ आणि ‘गुरांचा चारा’ म्हणून बघा. लिहिताना च एकच, बोलताना दोन. मालगुंडच्या लहानग्या पोराला हा फरक कोणी शिकवत नाही, आणि तो चुकतही नाही. इंग्रजी घरातले मूल तसेच ‘बिग रेड बस’ म्हणते. ‘रेड बिग बस’ त्याच्या कानाला खटकते. का खटकते, हे त्याच्या आईलाही बहुधा सांगता येणार नाही. ‘पिन’मधला प ते किंचित फ-कडे झुकवते, ‘स्पिन’मधला नाही, आणि याचा त्याला पत्ताच नसतो. प आणि फ वेगळे मानणाऱ्या मराठी कानाला मात्र ते लगेच कळते. असे नकळत पाळले जाणारे नियम हुडकून मांडायचे, हेच व्याकरणकाराचे काम. मोरो केशवांच्या ग्रंथाबद्दल मला मोठा आदर वाटतो तो यासाठी.

कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत आलेला बेने इस्रायल समाज घ्या. त्याच समाजातले निसिम इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले, इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढले, इंग्रजीतलेच कवी झाले. त्यांच्या इंग्रजीला उसनी म्हणणे मला साफ चुकीचे वाटते.

जगाचा व्यवहार मात्र पासपोर्ट बघतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. वांद्र्याच्या ज्या मुलीला आईने इंग्रजीतच जोजवले, तिचा देश त्या सातांत नाही. हा अन्याय आहे, कारण तिचे बाळपण कोणी तपासतच नाही.

घरात दोन भाषा एकदम कानावर पडणाऱ्या मुलांविषयी पुढच्या आठवड्यात.