सौरज्वाळा आणि आपला रुग्ण

सौरवादळ आले की अनिद्रा, शिरःशूल, चिडचिड यांचे खापर सूर्यावर फोडणारे रुग्ण आम्हांस भेटतात. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनी सुमारे १६०० नॅनोटेस्लांची चुंबकीय घसरण नोंदविली; युरोप-अमेरिकेत तारायंत्रे कोलमडली. यंत्रांवरील परिणाम असा निर्विवाद आहे. हवामानाचे तसे नाही : ११ वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते. मनोवृत्तीविषयीचे दावे तर अद्याप सिद्धच झालेले नाहीत.

आदानकालात सूर्य बल हरण करतो, हे आपले शास्त्र खरेच. परंतु तो ऋतूचा विचार आहे, ज्वाळांचा नव्हे. ही गल्लत करून गुटिका खपविणे आम्हांस मान्य नाही. अशा रुग्णाचा रक्तदाब आधी मोजावा. जागरण, चहा व कोष्ठ यांची चौकशी करावी.