नाणे आत जाते, पॅड बाहेर येत नाही



आमच्या आरोग्य बैठकीत एका आईने सांगितलेली गोष्ट आहे. तिची नववीतली मुलगी सकाळी शौचालयाच्या रांगेत असताना तिला पाळी आली. भिंतीवर पॅडची मशीन होती, हातात पाच रुपयांचे नाणे होते. मुलीने नाणे टाकले. आत खडखड आवाज झाला आणि काहीच बाहेर आले नाही. मागे रांग, दारात केअरटेकर पुरुष. विचारणार कोणाला? मुलगी ओढणी गुंडाळून घरी आली आणि त्या दिवशी शाळा बुडली. आई म्हणाली, "पाच रुपयांचं काही नाही हो, पण आता ती त्या मशीनकडे बघतसुद्धा नाही."

पॅडची मशीन एकदा फसली की ती मुलगी पुन्हा तिच्यावर विश्वास टाकत नाही. म्हणून मशीन बसवली का, एवढे विचारून भागणार नाही. ती रोज चालते का आणि न चालल्यास जबाबदार कोण, हे विचारायला हवे.

उपनगरांत अशा मशीन नव्या नाहीत. अंधेरीकडे वर्सोव्यात तिथल्या तेव्हाच्या आमदार डॉ. भारती लव्हेकर यांनी २०१७ मध्ये ती फाउंडेशनतर्फे सॅनिटरी पॅड बँक सुरू केली, तेव्हापासून हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला. महापालिकेनेही सार्वजनिक शौचालयांत पॅड देणाऱ्या आणि वापरलेले पॅड जाळणाऱ्या मशीन बसवायला घेतल्या. काही मशीन कंपन्यांच्या मदतीतून येतात, काही लोकप्रतिनिधींच्या निधीतून. उद्घाटनाला फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्याच मशीनवर धूळ असते.

मशीन अडते कुठे?

मशीनची रचना साधी आहे. आत स्प्रिंगच्या वेटोळ्यात किंवा एकावर एक अशी पॅडची पाकिटे लावलेली असतात. नाणे टाकले की आतला भाग त्याचा आकार, जाडी आणि धातू तपासतो. नाणे पटले की मोटर फिरते आणि एक पाकीट खाली पडते. काही मशीनला मोटर नसते, हाताने मूठ फिरवावी लागते.

पहिली अडचण नाण्याचीच. पाच रुपयांची नाणी एकसारखी नाहीत. जुने जाड नाणे २३ मिलिमीटर रुंद आणि ९ ग्रॅम वजनाचे आहे. २०१९ च्या नव्या मालिकेतले नाणे २५ मिलिमीटरचे आहे आणि वजन पावणेसात ग्रॅमच्या आसपास. गंमत म्हणजे त्याच मालिकेतले दोन रुपयांचे नाणे २३ मिलिमीटरचे, म्हणजे जुन्या पाचच्या नाण्याएवढेच रुंद. ही सगळी नाणी चलनात आहेत, पण मशीनला एकच प्रकार ओळखायला शिकवले असेल तर बाकीची ती परत टाकते किंवा अडकवून ठेवते. मुलीला वाटते आपलेच काही चुकले. तिचे काहीही चुकलेले नसते. कोणते नाणे चालते त्याचे चित्र मशीनवर चिकटवले, तरी निम्मी तक्रार मिटते.

दुसरी अडचण ओलीची. शौचालयात सतत पाणी असते आणि पावसाळ्यात भिंती पाझरतात. स्प्रिंगला गंज चढतो, पाकीट दमट होऊन फुगते आणि अडकते. तिसरी विजेची. शौचालयाचे बिल थकले की दिव्याबरोबर मशीनही बंद. चौथी पाकिटाच्या मापाची. मशीनसाठी ठरलेल्या मापाऐवजी दुकानातले जाड पाकीट कोंबले की ते मधेच अडते.

पाचवी अडचण मात्र बिघाडाची नाही. मशीन ठीक असते, पण रिकामी असते. पॅड संपले आणि भरायचे कोणी ते ठरलेलेच नाही.

गैरवापर कशाला म्हणायचे?

बैठकीत हमखास ऐकू येते, "बायकाच नीट वापरत नाहीत, म्हणून कुलूप लावलं." हे नीट तपासून पाहू.

नाण्याच्या जागी वायसर किंवा पत्र्याची चकती टाकणे, फटीत कागद कोंबणे, खालच्या तोंडातून हात घालून पाकिटे ओढणे, मशीन हलवणे हा गैरवापर आहे. बरेचदा हे खेळता खेळता लहान मुले करतात. मोफतच्या मशीनमधून पाकिटे काढून बाहेर विकणे हाही गैरवापर आहे. पण धुणीभांडी करणारी एक बाई तीन मुलींसाठी चार पॅड घेऊन गेली तर तिला चोर म्हणू नका. तिची गरज तेवढी आहे. तिला स्वस्त पॅड कुठे मिळतात ते सांगा. जनऔषधी केंद्रात सुविधा नावाचे पॅड २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने विकायला आहेत.

केअरटेकरकडे किल्ली ठेवून "मागा, मग देतो" असे केले तर चोरी थांबेल, पण मशीनही मेल्यात जमा. रात्री दहा वाजता कोणती मुलगी परक्या पुरुषाकडे पॅड मागेल? फोनवरून पैसे भरायच्या मशीनचेही तसेच. ज्या मुलीच्या हातात फोन नाही तिच्यासाठी ती मशीन नसल्यासारखीच आहे.

आपण काय करू शकतो?

मशीन महिलांच्या बाजूला, आतल्या भागात, दिव्याखाली आणि पाणी उडणार नाही एवढ्या उंचीवर लावायला सांगा. खालच्या तोंडाला हात आत न जाणारी झडप हवी. मोफतची मशीन असेल तर एक पॅड दिल्यावर काही मिनिटे थांबणारी सोय असलेली मागा.

महिला मंडळातून दोघींची नावे ठरवा. किल्ली या दोघींकडे आणि पेटी उघडायची ती दोघींनी मिळूनच. एक साधी वही ठेवा. समजा, पाच रुपयांच्या मशीनमध्ये ५० पॅड भरले आणि आठवड्याने १९ उरले. म्हणजे ३१ गेले, पेटीत १५५ रुपये हवेत. १५५ असतील तर सगळे ठीक. १२० असतील तर सात पॅड पैशाविना गेले. मग मोटर एका नाण्यावर दोन पाकिटे टाकते का, चकत्या सापडतात का, ते बघा. पैसे जास्त निघाले तर कोणाचे तरी नाणे गेले आणि पॅड मिळाले नाही. ते पैसे मागायला येईल तिला परत द्या. वहीमुळे संशय कोणा एकीवर जात नाही. जमलेल्या पैशातून पुढचे पॅड आणता येतात.

मशीन बंद असेल त्या दिवसासाठी विहारात किंवा शौचालयाजवळच्या एखाद्या घरी झाकणाच्या डब्यात दहा पॅड ठेवा. सुविधा पॅड घेतले तर खर्च दहा रुपये. त्या घराचा पत्ता मशीनवर लिहा.

नवी मशीन येत असेल तर उद्घाटनाआधी तीन गोष्टी लेखी मागा: देखभाल किती वर्षे आणि कोण करणार, पॅड कोण भरणार, बिघाड झाल्यास फोन कोणता. तो फोन नंबर मशीनवर रंगवून घ्या. महापालिकेची मशीन असेल तर १९१६ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि वॉर्ड कार्यालयात अर्ज द्या. अंधेरीला के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन वॉर्ड. अर्जावर दहा जणींच्या सह्या असू द्या.

वापरलेल्या पॅडचे काय?

जाळणारी मशीन असेल तर तिच्यात फक्त पॅड टाका. डायपर, पिशव्या, बाटल्या नकोत. एका वेळी ठरल्यापेक्षा जास्त पॅड कोंबले की ते अर्धवट जळतात. पॅडमधले प्लास्टिक कमी उष्णतेत जळले की विषारी धूर होतो. धुराचा पाइप छताच्या वर काढलेला नसेल तर ती मशीन वापरू नका, आधी पाइप बसवून घ्या. मशीन नसेल तर पॅड कागदात गुंडाळून इतर कचऱ्यापासून वेगळा द्या; २०१६ च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितले होते. मे २०२५ पासून महापालिकेने असा कचरा वेगळा नेण्याची सेवाही सुरू केली आहे. आपल्या शौचालयाची नोंदणी होईल का, ते वॉर्डात विचारा. भांड्यात मात्र पॅड टाकू नका. तुंबलेले शौचालय सगळ्या वस्तीला भोवते.

पॅड कितीही चांगला असला तरी चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर त्यातही कमीपणा नाही. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नको.

शेवटी एक गोष्ट. नळ बंद पडला तर सकाळी दहा बायका आवाज करतात आणि संध्याकाळपर्यंत प्लंबर येतो. पॅडची मशीन बंद पडली तर कोणी बोलत नाही, म्हणून ती वर्षभर बंद राहते. तोंड बांधते ती लाज, आणि ती लाज विटाळाच्या कल्पनेतून आली आहे. विटाळ हाच शब्द सांगून आपल्या आजोबा-पणजोबांना पाण्यापासून दूर ठेवले होते. १९२७ साली महाडला आपण तो झुगारला. मग मुलीच्या पाळीपुरता तो घरात कशाला ठेवायचा?

या रविवारी विहारातून परतताना आपल्या वस्तीतल्या मशीनमध्ये एक नाणे टाकून बघा. पॅड आले तर जपून ठेवा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नाही आले तर सोमवारी १९१६.