साठीतला अ‍ॅम्प आणि सुकलेला कंडेन्सर

१९५९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने ‘स्टिरिओ ७०’ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. दर चॅनेलला ३५ वॅट. डेव्हिड हाफलर आणि एड लॉरेंट यांचा हा अ‍ॅम्प सुट्या भागांच्या संचातही मिळे. सर्किट बोर्ड तयार, बाकीचं वायरिंग आणि सोल्डरिंग गिऱ्हाइकानं घरी बसून उरकायचं. आज असा अ‍ॅम्प उघडला, तर हाफलरची ख्याती ज्यांच्यावर होती ते ट्रान्सफॉर्मर बहुधा ठणठणीत निघतात. व्हॉल्व्ह तर उपसून बदलायचेच असतात. म्हातारपण दिसतं ते कंडेन्सरमध्ये.

त्यांतला मुख्य म्हणजे चासीवर उभा असलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा. एका डब्यात चार कंडेन्सर: एक ३० मायक्रोफॅरडचा, तीन २० चे, ५२५ व्होल्टचे. आत अ‍ॅल्युमिनियमची पन्नी आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजवलेला कागद, सुरळी करून भरलेला. पन्नीवरचा ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर वीज अडवून धरतो. व्हॉल्व्हच्या धगीत वर्षं काढताना आतला ओलावा बुचाच्या फटींतून हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. अ‍ॅम्प नुसता पडून राहिला तरी सुटका नाही. मग तो ऑक्साइडचा थरच झिजतो. म्हणून माळ्यावरून काढला, फडक्यानं पुसला आणि थेट प्लग लावला, हा सगळ्यांत वाईट मार्ग. गळणारा करंट कंडेन्सरला तापवतो आणि प्रसंगी डबा फुटतो.

एरवी, सुकलेल्या कंडेन्सरला विजेतले चढउतार सपाट करणं जमेनासं झालं, की पहिली तक्रार कानावर येते: गाणं बंद असतानाही स्पीकरमधून घुमणारी घरघर. अमेरिकेच्या ६० हर्ट्‌झच्या विजेवर ती १२० हर्ट्‌झची, आपल्याकडच्या ५० वर १०० ची.

बोर्डावरचे छोटे कपलिंग कंडेन्सर मात्र आवाज न करता घात करतात. त्यांचं काम संगीताचा सिग्नल पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. ते गळू लागले की ईएल३४ व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज, म्हणजे बायस, ढळतं, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि त्याची प्लेट लालभडक होते. वेळीच बंद केला नाही, तर व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जायचा. ५० रुपयांच्या भागापायी असा ट्रान्सफॉर्मर घालवणं हा शुद्ध अविचार. हीच गोष्ट बायसच्या दोन छोट्या इलेक्ट्रोलिटिकांची, तेही बदलावेत.

बदलताना मोह आवरावा लागतो. डब्याच्या जागी दणदणीत क्षमतेचा कंडेन्सर टाकला की आवाज सुधारेल, असं वाटतं. पण वीज सरळ करणाऱ्या जीझेड३४ व्हॉल्व्हला पहिल्या टप्प्यावर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडच झेपतात. त्यापुढे चालू करतानाचा करंटचा लोंढा त्याला मारतो. तीच गत सोन्याच्या भावात विकल्या जाणाऱ्या कपलिंग कंडेन्सरांची. चांगल्या पॉलिप्रॉपिलीनवर भागतं, बाकी हौसेला मोल नसतं.

जुना डबा काढण्याआधी त्याच्या पायांपाशी कोरलेल्या खुणा बघाव्यात: अर्धचंद्र, चौकोन, त्रिकोण. कोणता भाग कुठे जोडलाय ते त्यावरून कळतं. फोटो काढून ठेवावा. त्याहून आधी सुरक्षा: आत ४०० हून जास्त व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडण्यापेक्षा योग्य रेझिस्टरमधून तो उतरवावा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घालावा. सवय नसेल तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं.

काम झालं की व्हेरिअ‍ॅकनं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं, व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि समोरच्या टेस्ट पॉइंटवर बायस लावायचा: दर चॅनेलला १.५६ व्होल्ट. तिथे १५.६ ओहमचा रेझिस्टर आहे; म्हणजे दोन व्हॉल्व्ह मिळून १०० मिलिअँपिअर. नव्या कोरड्या सेलचं व्होल्टेजही जवळपास तेवढंच भरतं, त्यामुळे घरच्या मीटरचा काटा नीट आहे का, हे त्या सेलवर आधीच ताडून घेता येतं.